मीटर हलतोय, म्हणजे आवाज आहे

मीटरकाकांनी नोकरीत असताना हजारो जिन्यांखाली डोकं घातलं, पण एकाही घरातला दिवा लावून दिला नाही. ही तक्रार नव्हे, हे ते स्वतःच छाती फुगवून सांगतात. वीज कंपनीचा रीडर म्हणजे कसा, तर येणार, टॉर्च मारणार, आकडा टिपणार आणि चालू लागणार. एखादी बाई काकुळतीला येऊन म्हणायची, "अहो, आलाच आहात तर हा पंखा बघा ना, सकाळपासून फिरतच नाही." काका मान तिरकी करायचे, टॉर्च मीटरवर रोखायचे आणि डॉक्टरने नाडी धरावी तसे क्षणभर थांबायचे. मग निकाल लागायचा. "मीटर फिरतोय ना? मग पुरवठा आहे. पुढचं ग्राहकाचं." आणि काका पुढच्या दारात.

असा माणूस निवृत्त झाला की घरातल्यांनी सावध व्हायला हवं. जन्मभर कशालाही हात न लावलेल्या हातांना एकदम खाज सुटते.

काकांची खाज सुरुवातीला मेहुण्याच्या दुकानात भागायची. मेहुणा म्हणजे काकूंचा धाकटा भाऊ, त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान. काका रोज सकाळी तिथे जाऊन गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या एकुलत्या एक स्टुलावर बसायचे आणि गिऱ्हाइकांना उभ्या उभ्या सल्ले द्यायचे. "त्याचं काय आहे ना," हे काकांचं पालुपद. हे कानावर पडलं की जाणती माणसं चप्पल शोधायला लागतात. शेवटी मेहुण्याने एक पेन ड्राइव्ह काढून काकांच्या हातात ठेवला.

"भाऊजी, यात लिनक्स आहे. नवी सिस्टीम. फुकट आहे, व्हायरस लागत नाही, आणि शिकायला भरपूर वेळ लागतो."

यातला तिसरा गुण मेहुण्याच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा होता. स्टूल मोकळं झालं.

काका मात्र भारावून गेले. एखाद्याला उतारवयात गुरू भेटावा तसं त्यांचं झालं. त्यांनी घरच्या संगणकावर लिनक्स टाकलं, काढलं, दुसरं टाकलं, तेही काढलं. मग परोपकाराला बाहेर पडले. कोपऱ्यावरच्या शिंप्याचा संगणक "जरा हळू चालतो" एवढं तो बिचारा बोलून गेला आणि काकांनी एका दुपारी त्याचा उद्धार केला. संगणक वाऱ्यासारखा पळू लागला. सगळ्या गिऱ्हाइकांची मापं मात्र त्याच वाऱ्यावर गेली. तेव्हापासून काकांची प्रत्येक पँट घोट्याच्या दोन बोटं वर येते, आणि शिंपी शपथेवर सांगतो की कापड आटतं.

"त्याचं काय आहे ना," काका उघड्या घोट्यांनी इमारतीच्या दारात उभे राहून सांगतात, "ही सिस्टीम कुणाच्या बापाची नाही. इथे आपणच मालक."

मालक असल्याचं त्या घरात फक्त काकांना माहीत होतं. ज्या संगणकाबद्दल हे चाललेलं असायचं, तो खरं तर काकूंच्या पोटापाण्याचा.

काकू ऐकून टाइप करतात. ग्राहक तक्रारींच्या सुनावण्या होतात, तिथे जे काही बोललं जातं ते रेकॉर्ड होतं, आणि ते कुणीतरी बसून शब्दन् शब्द कागदावर उतरवावं लागतं. काकू कानाला हेडफोन लावतात आणि उजवा पाय टेबलाखालच्या पेडलवर ठेवतात. पेडल दाबलं की आवाज सुरू, सोडलं की बंद. बोटं आपली चालूच. त्यांचा कान असा की दोन वकील एकदम खोकले तरी कोणता खोकला वादीचा आणि कोणता प्रतिवादीचा हे त्या सांगतील. नवरा मागून काय बोलतो ते मात्र त्यांना ऐकू येत नाही. हा कानाचा दोष नाही, सराव आहे.

एवढं सगळं करून कागदाच्या तळाशी नाव यायचं ते काम आणून देणाऱ्या एजन्सीवाल्या बाईंचं. काम काकूंचं, सही बाईंची. बाईंना सुनावणीतला 'स' माहीत नव्हता, पण फोनवर त्या अशा बोलायच्या, "अगं, आपलं नाव आहे बाजारात, चुका होता कामा नयेत हं." त्यातलं 'आपलं' म्हणजे बाईंचं आणि 'चुका' म्हणजे काकूंच्या, हे काकूंना इतक्या वर्षांत पाठ झालं होतं.

आणि आता कधी नव्हे ते सुनावण्या घेणाऱ्या ऑफिसने ठरवलं, मधली माणसं नकोत. चांगल्या टायपिस्ट थेट आपल्याच यादीवर घ्यायच्या, कागदाखाली त्यांचंच नाव घालायचं. त्यासाठी एक चाचणी. सकाळी ईमेलवर लिंक येणार, त्यात एका सुनावणीचं रेकॉर्डिंग, ते ऐकून संध्याकाळी पाचच्या आत टाइप करून पाठवायचं. अट एकच होती. लिंक पहिल्यांदा ज्या संगणकावर उघडेल त्याच संगणकावर चालेल, दुसरीकडे नाही, फोनवर तर नाहीच नाही. कुणी दुसऱ्याकडून करून घेऊ नये म्हणून.

काकूंनी ही अट काकांना वाचून दाखवली होती. काकांनी ती आपल्या परीने ऐकली आणि चाचणीच्या आदल्या दिवशी काकू बाजारात गेल्या असताना, निव्वळ प्रेमापोटी, संगणकावर लिनक्सची अगदी नवी आवृत्ती टाकली. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मेहुण्याच्या दुकानात एक नवा पातळ स्क्रीन पडून होता, तोही आणून बसवला. काकू परत आल्या तेव्हा काका टेबलाशी हात जोडून उभे होते, हॉटेलच्या दारातल्या माणसासारखे.

"हे काय?"

"उद्या परीक्षा ना तुझी? मशीन फ्रेश केलं."

"चालू होतं ते!"

"चालू होतं, पण फ्रेश नव्हतं."

काकूंनी घाईघाईने पेडल जोडून बघितलं, ते चाललं. कीबोर्ड चालला. ईमेल उघडली. आवाज तपासून बघावा हे त्यांच्या मनात आलंच नाही. आवाजाचं काय तपासायचं? नळ उघडल्यावर पाणी ओलं आहे का, हे कुणी बघतं का?

सकाळी लिंक आली. काकूंनी केस बांधले, हेडफोन चढवले, लिंक उघडली, 'हाच संगणक वापरेन' असं कबूल करून टाकलं आणि पेडल दाबलं. स्क्रीनवर सेकंद पळू लागले. एक, दोन, तीन, दहा. कानात चिटपाखरू नाही.

"अहो."

काकूंचं 'अहो' लांबलचक असलं की समजावं, काम आहे. हे आखूड होतं. काका चहाचा कप तसाच ठेवून आले.

"आवाज नाही."

"नाही कसा? असणारच." काकांनी कोपऱ्यातल्या कर्ण्याच्या चित्रावर माउस नेला. "शंभर टक्के आहे. हे बघ. शंभर."

"शंभर कशाचे? मला शून्य ऐकू येतंय."

काकांनी हेडफोनची पिन काढून फुंकर मारली आणि परत घातली. मागच्या भोकात घातली, पुढच्या भोकात घातली. मग हेडफोन फोनला लावून बघितला, तर फोनवर ठणठणीत. संगणक बंद करून चालू केला. पुन्हा एकदा बंद करून चालू केला, या वेळी जास्त प्रेमाने. काकू बाजूला उभ्या राहून पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत होत्या.

मग काकांनी आवाजाच्या सेटिंगची ती मोठी खिडकी उघडली. 'इथे खरे अधिकारी बसतात' असं ते तिच्याबद्दल म्हणायचे. काकूंना पेडल दाबायला सांगितलं, आणि काय सांगावं! त्या खिडकीत एक निळी पट्टी थरथरू लागली. पुढे सरकली, मागे आली, उडाली, बसली. काकांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं, जणू जुन्या ओळखीचं माणूस परगावी भेटलं.

"हलतोय! हा बघ, हलतोय!"

"काय हलतंय?"

"मीटर! आवाजाचा मीटर आहे हा. मीटर हलतोय, म्हणजे आवाज आहे."

"कुठे आहे?"

"आहे. पुरवठा व्यवस्थित आहे."

"मग मला ऐकू का येत नाही?"

काका खुर्चीत मागे टेकले. तीन दशकांचा अनुभव पणाला लावला. पुरवठा आहे, मीटर फिरतोय, म्हणजे दोष मीटरच्या अलीकडे नाही, पलीकडे. पलीकडे कोण? ग्राहक. त्यांनी अत्यंत हळुवार, आजारी माणसाशी बोलावं तशा आवाजात विचारलं,

"तू कान कधी तपासले होतेस गं शेवटचे?"

काकूंनी हेडफोन काढून काकांच्या कानांवर चढवला आणि स्वतःच्या हातांनी नीट दाबून धरला, जरा जास्तच. पेडल दाबलं. पट्टी नाचत राहिली.

"काय ऐकू आलं?"

"...काही नाही."

"चला, दोघंही जाऊ मग कान दाखवायला."

काकांनी मेहुण्याला फोन लावला. मेहुण्याच्या आवाजात मागे गिऱ्हाइकांचा गलका आणि पुढे कायमची घाई. "भाऊजी, फॉरमॅट मारा."

"अहो मेहुणे, फॉरमॅट मारला तर सगळं पुसलं जाऊन लिंकही जाईल. चाचणीची लिंक आहे."

"मग मारू नका. ठेवतो."

एवढं बोलून मेहुण्याने तांत्रिक साहाय्य संपवलं.

उरला कट्टा. इंटरनेटवर लिनक्सप्रेमींचा एक कट्टा आहे, तिथे कुणीही अडचण विचारावी आणि इतरांनी ती का विचारली म्हणून झापावं, अशी तिथली पद्धत. काकांनी तिथे अर्ज केला. हो, अर्जच. "सविनय सादर की, अस्मादिकांच्या संगणकात आवाजाचा पुरवठा सुरळीत असून मीटर हलत आहे, तथापि ध्वनी कर्णगोचर होत नाही. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी."

पहिलं उत्तर आलं ते 'मूळपुरुष' या नावाच्या कुणाचं. हा कट्ट्यावरचा सगळ्यात ज्येष्ठ. चार-पाच शब्दांच्या वर बोलायला त्याला पगार लागत असावा.

"व्हर्जन?"

काकांनी व्हर्जन लिहिलं.

"लॉग?"

काकांनी लॉग, म्हणजे संगणकाची रोजनिशी, तीन पानं भरून चिकटवला.

"हा प्रश्न आधी विचारला गेला आहे. शोधा."

तेवढ्यात दुसरा एक जण आला. तो म्हणाला, "माझ्याकडे तर चालतंय." या मौलिक माहितीला बारा जणांनी अंगठे दिले. तिसरा म्हणाला, तुमची ध्वनीची यंत्रणाच जुनाट आहे. चौथा म्हणाला, जुनी तीच चांगली, नव्यांनी वाट लावली. मग त्या दोघांची अशी जुंपली की काकांचा प्रश्न रस्त्यावर भांडण बघायला थांबलेल्या माणसासारखा पिशवी सावरत कडेला उभा राहिला. काका ते सगळं मोठ्या आदराने वाचत होते. "बघ, किती विचार करतात लोक आपला!"

"आपला?" काकू म्हणाल्या. "एकमेकांचे आईबाप काढतायत ते."

भांडणातून वेळ काढून मूळपुरुषाने एक आज्ञा फेकली, "अल्सामिक्सर उघडा. काही म्यूट आहे का बघा." काकांनी काळी खिडकी उघडली, शब्द टाइप केला, आणि समोर उभे रंगीत खांब आले, हिरवे, पांढरे, लाल. मास्टर, हेडफोन, स्पीकर. काकांना पुन्हा एकदा माहेरी आल्यासारखं झालं. त्यांनी एकेका खांबावरचा आकडा मोठ्याने वाचला, कागदावर उतरवला आणि खाली रेघ मारली. एकही बंद नव्हता. तरी हात रिकामे राहू नयेत म्हणून त्यांनी सगळे खांब छतापर्यंत नेऊन ठेवले. मघाच्या मोठ्या खिडकीतला आवाजही शंभराच्या पलीकडे जाईल तेवढा ढकलला.

"आवाज आला?"

"नाही."

"पण आकडे एकदम चांगले आहेत."

मूळपुरुषाने शेवटचं विचारलं, "आउटपुट कोणतं निवडलंय?"

"एकच आहे यादीत," काकांनी लिहिलं.

"अशक्य," मूळपुरुष म्हणाला, आणि बहुतेक जेवायला गेला. परत आलाच नाही.

दुपार टळून गेली. काकूंनी विचारणं सोडून दिलं होतं. या घरात काकू ओरडतात तेव्हा सगळं ठीक असतं. त्या गप्प बसल्या की काका स्वतःचा कप स्वतः विसळतात. त्या खिडकीशी उभ्या होत्या. टेबलावर त्यांचा फोन वाजला आणि त्यावर एजन्सीवाल्या बाईंचं नाव आलं. त्यांनी उचलला.

"अगं, कशी चाललीय तुझी परीक्षा?" बाईंच्या आवाजातून तूप गळत होतं. "नाही झाली तर मनाला लावून घेऊ नकोस हं. मी आहे ना. आपलं काम काही थांबत नाही."

"नाही ना," काकू म्हणाल्या. "माझं काम कधीच थांबलं नाही." फोन ठेवला आणि वळल्या.

"उठा."

"अगं, मी आता दुसऱ्या मार्गाने..."

"उठा म्हणते ना."

काका उठले. काकू खुर्चीत बसल्या, पण माउसला हात न लावता नुसतं स्क्रीनकडे बघत राहिल्या. आयुष्यभर सुनावण्या टाइप केलेल्या बाईला एक सवय असते. काय बोललं गेलं हे नंतर, आधी कोण बोलतंय आणि कुणाला उद्देशून, ते लिहायचं. त्याशिवाय ओळ सुरूच होत नाही.

"ही पट्टी हलतेय, तिच्या डोक्यावर काय लिहिलंय?"

"ते नाव आहे त्याचं."

"कुणाचं?"

"त्याचं. आउटपुटचं."

"वाचा."

"आता नाव वाचून काय..."

"वाचा!"

काकांनी चष्मा वर केला. "बिल्ट-इन ऑडिओ. डिजिटल स्टिरिओ. एचडीएमआय."

"एचडीएमआय म्हणजे?"

"ती नवी वायर. काल बसवली ना, स्क्रीनची. त्याचं काय आहे ना, पूर्वीच्या वायरमधून नुसतं चित्र जायचं, या वायरमधून चित्र आणि आवाज दोन्ही..." काकांचं वाक्य तिथेच लटकलं.

"दोन्ही कुठे जातं?"

"स्क्रीनमध्ये."

"या स्क्रीनला स्पीकर आहे?"

"नाही. स्पीकरवाला होता, पण तो दिसायला जाड होता."

"म्हणजे सकाळपासून सगळी सुनावणी स्क्रीनच्या पोटात चाललीय," काकू एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "आणि स्क्रीनला तोंड नाही."

काका खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. मीटर रीडरच्या आयुष्यात एकच पाप असतं. आकडा चुकला तर दुरुस्त होतो, एखादं घर राहिलं तर उद्या जाता येतं. पण एका घराच्या नावावर शेजारच्या घराचा मीटर वाचणं! नोकरीत एका नवख्याने हे केलं होतं, तेव्हा काका सगळ्यांच्या देखत त्याला म्हणाले होते, "आकडे वाचायला शाळेतल्या पोरालाही येतं. दारावरची पाटी कोण वाचणार?" आणि आज सकाळपासून ते स्वतः शेजाऱ्याचा मीटर वाचून बायकोला 'पुरवठा आहे' म्हणून सांगत होते. वर तिच्याच कानांत दोष काढला होता.

"पाटीच नाही वाचली मी," ते पुटपुटले.

"पाटीचं नंतर. आपलं घर कुठाय ते सांगा."

"यादीत एवढं एकच आहे गं. खरंच."

काकूंनी खिडकीच्या वरच्या कडेला डोळे बारीक करून बघितलं. तिथे एकाला एक चिकटलेली पानं होती आणि उजव्या टोकाला तांदळाएवढा एक बाण. काकांनी तो कधी दाबला नव्हता. त्यांना वाटायचं, नक्षी आहे.

"हे काय आहे?"

"ते असंच असतं."

काकूंनी दाबलं. आतापर्यंत लपून बसलेलं एक पान पुढे सरकलं. कॉन्फिगरेशन. त्यात एकच चौकट, आणि चौकटीत तेच नाव, डिजिटल, एचडीएमआय. काकूंनी चौकट उघडली तशी खाली आणखी नावांची रांग लागली. रांगेतलं दुसरंच नाव होतं, अ‍ॅनालॉग स्टिरिओ, म्हणजे हेडफोनच्या भोकाकडे जाणारी वाट.

"हात नको लावूस!" काका ओरडले. "माहीत नसताना एकदम काहीतरी बदललं की..."

काकूंनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. काकांना आपली दोन बोटं वर असलेली पँट, शिंपी, कालची दुपार, सगळं एकदम आठवलं असावं, कारण त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

काकूंनी अ‍ॅनालॉग निवडलं आणि पेडल दाबलं.

"एकेकाने बोला!" सुनावणीचे अध्यक्ष गर्जले.

हेडफोन काकूंच्या गळ्यात होता म्हणून बरं. काकांनी सगळे खांब छताला नेऊन ठेवले होते, त्यामुळे अध्यक्ष स्वयंपाकघरापर्यंत ऐकू गेले. टेबलावरच्या कपात चमचा वाजला. काका जागच्या जागी उडाले आणि खाली येता येता म्हणाले,

"आला! मी म्हटलं नव्हतं, आवाज आहे?"

काकूंनी आवाज खाली आणला आणि घड्याळ बघितलं. सव्वातीन वाजून गेले होते. एवढ्या रेकॉर्डिंगला त्यांना एरवी दोन तास लागायचे, तेही पुन्हा तपासणं सोडून. त्यांनी हेडफोन चढवला. काका मागे उभे राहून सुरू झाले, "त्याचं काय आहे ना, कार्डाचं प्रोफाइल डिजिटल असलं की अ‍ॅनालॉग यादीत दिसतच..."

"बाहेर."

काका उंबऱ्यापर्यंत गेले. तेवढ्यात स्क्रीनच्या कोपऱ्यात एक पाटी उगवली, 'नवीन सुधारणा तयार आहेत. संगणक आता पुन्हा सुरू करायचा?' काका झेपावले.

"हात मागे!" काकू न वळता म्हणाल्या आणि स्वतःच 'नंतर' दाबलं.

काका हात पाठीमागे बांधून उभे राहिले. वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखे. आत बोटं अशी पडत होती, जसे पत्र्यावर वाटाणे ओतावेत. मधेच थांबायची, पेडल दोनदा खटखटायचं, तेच वाक्य मागे जाऊन पुन्हा ऐकलं जायचं, आणि परत वाटाणे. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा बायकोचं काम अखंड बघितलं. एरवी ते काम चालू असतानाही मधेमधे बोलत असायचे.

दारावरची घंटा वाजणार तेवढ्यात त्यांनी दार उघडलं. बाहेर मेहुणा, हातात हत्यारांची पिशवी.

"भाऊजी, दुकान पोराकडे दिलं आणि आलो. सरका, फॉरमॅट मारतो."

काकांनी दोन्ही हात चौकटीला लावले. "हळू बोला. आत सुनावणी चालू आहे."

"आवाज आला?"

"न यायला काय झालं? प्रोफाइलचा विषय होता. काढला शोधून."

"कुणी?"

काकांनी घसा साफ केला. आतून पेडलची खटखट ऐकू आली. "घरातूनच," ते म्हणाले, आणि मेहुण्याला पिशवीसकट जिन्यावरून खाली नेऊन सोडलं. त्या दिवशी त्यांच्या हातून झालेलं हे एवढंच उपयोगाचं काम.

पाचला अगदी टेकल्यावर काकूंनी पाठवलं. तपासायला वेळ उरलाच नव्हता. एका जागी मागे खुर्ची सरकल्याचा आवाज होता, त्यात साक्षीदाराचा एक शब्द बुडाला होता. दहा वेळा ऐकूनही तो लागला नाही, तेव्हा काकूंनी तिथे 'अस्पष्ट' असं लिहिलं होतं. रात्रभर तोच शब्द त्यांना छळत राहिला. "काहीतरी लिहायला हवं होतं का हो? 'पावती' असेल का? 'पाहिली' असेल?" काका म्हणाले, "पावतीच असणार." त्यावरून काकूंची खात्री झाली की पावती नसणार.

पुढच्या आठवड्यात ऑफिसातून फोन आला. बोलणारी बाई तरुण, आवाज कोरडा, इस्त्री केल्यासारखा. काकूंनी फोन स्पीकरवर लावला होता, काका शेजारी कान देऊन.

"तुमच्या कागदात दोन ठिकाणी काना-मात्रा सुटल्यात."

काकूंनी डोळे मिटले.

"पण तो खुर्चीचा आवाज आहे ना, तिथे जवळजवळ सगळ्यांनी आपल्या मनाने शब्द ठोकून दिलाय. सुनावणीत ते चालत नाही. तुम्ही 'अस्पष्ट' लिहिलंत. तुमचं नाव यादीवर घेतोय. कागदाखाली पूर्ण नाव येईल, तेवढं कसं लिहायचं ते कळवा."

काकूंनी नुसतं "हो" म्हटलं. त्यांचा आवाज इतका खाली गेला की मीटरही हलला नसता.

"आणि एक. रेकॉर्डिंग गोपनीय असतात. तुमचा संगणक आणखी कोण हाताळतं?"

काका पुढे वाकले. ते उत्तर द्यायला तोंड उघडणारच होते. काकूंनी त्यांच्याकडे एकदा पूर्ण बघितलं, डोक्यापासून उघड्या घोट्यांपर्यंत.

"कुणी नाही," त्या म्हणाल्या.

फोन बंद झाला तसे काका वळले. "कुणी नाही म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही."

त्याच दुपारी काकूंनी पासवर्ड बदलला. कसा बदलायचा ते त्यांनी कट्ट्यावर विचारलं, आणि आश्चर्य म्हणजे मूळपुरुषाने न झापता अख्खा एक परिच्छेद लिहून समजावलं. काकांना हे जास्त लागलं.

आता इमारतीच्या दारात काका सगळ्यांना सांगतात, "आम्ही ऑफिसच्या यादीवर आहोत." आणि काकू भाजी आणायला गेल्या की हळूच टेबलाशी जाऊन बसतात. पहिल्यांदा त्यांनी स्वतःचं नाव टाकून बघितलं. नाही. मग स्वतःचा वाढदिवस. नाही. मग स्वतःचं नाव आणि वाढदिवस एकत्र, कारण एवढं प्रेम असू शकतं. तेही नाही. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. बायका असल्या गोष्टी कशावर ठेवतात? लग्नाच्या तारखेवर! बोटं कीबोर्डवर नेली आणि तिथेच अडकली. महिना आठवत होता. वर्षही साधारण आठवत होतं. तारीख मात्र काही केल्या येईना.

संध्याकाळी काकू कामाला बसल्या तेव्हा ते दारात येऊन उभे राहिले.

"अगं, सहज विचारतोय. आपलं लग्न नक्की किती तारखेला झालं होतं?"

काकूंच्या कानांवर हेडफोन होता, पाय पेडलवर, बोटं चालू. त्यांना काही ऐकू आलं नाही. निदान तसं दिसलं तरी.